नीरा ओलांडून, एक दुपार

मला पाण्याची भीती वाटते. आज सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला काही वाटत नाही. पण मी सांगतो आहे त्या काळात मी बारामतीला पाटाच्या कचेरीत कारकून होतो, आणि पाण्याला भिणारा पाटकारकून म्हणजे सगळ्या बाजाराला हसायला विषय. त्यामुळे ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. लहानपणी आमच्या गावी कऱ्हाटीला, कऱ्हा नदीच्या पुरात, आमची गाभण म्हैस माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. शेवटपर्यंत ती मान वर काढून काठाकडं बघत होती. त्यानंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. कचेरीतलं माझं काम कोरडं होतं. नीरेच्या पाटावर जागोजाग मोजपट्ट्या होत्या, पाटकरी त्यांवरची पाण्याची उंची कळवायचे आणि मी ती वहीत लिहायचो. नीरा म्हणजे माझ्या लेखी वहीतला एक रकाना होता.

दुसरी भीती थोरल्या भावाची. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणायचो. ते कऱ्हाटीला शेती बघायचे, वांगी-मिरची बारामतीच्या बाजारात पाठवायचे, आणि घरातला प्रत्येक निर्णय त्यांचा असायचा. ते कधी हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. नुसते "बरं" म्हणून गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याला मी चाळिशीपर्यंत भ्यालो.

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरचा प्रवास ठरलेला: नरसिंहपूर. कुलदैवत तिथलं. कधी निघायचं, कुणाकडं उतरायचं, अभिषेक कुणाच्या हातून, परत कधी यायचं, सगळं आबा ठरवायचे. कऱ्हाटीहून निरोप यायचा आणि आम्ही गाठोडी बांधायचो. पोरांना विचारायची पद्धत नव्हती. मलाही कुणी विचारत नसे, हे आहेच. आदल्या वर्षी माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, सगळा रस्ता बैलगाडीत मागं तोंड करून बसली. देवाला नमस्कार केला तोही भिंतीकडं बघत. मी रागावलो तर म्हणाली, "तात्या, मी आलीय कुठं? मला आणलंय." मी तिला उद्धट म्हणालो. तिच्या धाकट्या भावानं, तो सात वर्षांचा, तेच वाक्य पाठ केलं आणि घरी येईपर्यंत म्हणत राहिला.

मग त्या वर्षी वैशाखात तिचं लग्न ठरलं. म्हणजे आबांनी ठरवलं. चौदा पुरी झाल्याशिवाय मुलीचं लग्न करायचं नाही असा कायदा येऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि मी पडलो कचेरीतला, म्हणून लग्न माघात धरलं. पौषात तिला चौदावं पुरं होणार होतं. मुलाचं घर नीरेच्या पलीकडं, बागायतदाराचं, खाऊनपिऊन सुखी. बघायला आबा आणि मी गाडीतून गेलो. नदीत वाळूच वाळू होती, गाडीच्या चाकाची धावसुद्धा धड भिजली नाही. पात्राच्या मधोमध बैल सोडून आम्ही सावलीला गाडीखाली बसून आंबे खाल्ले. मी आबांना म्हणालोसुद्धा, "किती जवळ हाय! पोरीला मनात येईल तवा येता येईल." सुपारी फुटली. सुपारी फुटली म्हणजे शब्द दिला गेला; ती परत करणं म्हणजे दोन्ही घरांनी वर्षानुवर्षं मान खाली घालून हिंडणं.

पोरगी तेव्हापासून कमी बोलायला लागली. बायका म्हणाल्या, लाजते. मीही तसंच धरून चाललो, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा बायको एकदा चुलीपुढून म्हणाली, "ही तिची आपल्याबरोबरची शेवटची सुट्टी. पुढच्या साली ती दुसऱ्याच्या गाडीत बसंल. औंदा तिला ठरवू द्या की, कुठं जायचं ते."

मला ती कल्पना आवडली. मनाला कुठंतरी टोचत होतं आणि त्यावर एवढं स्वस्त औषध मिळत होतं. मी पोरीला बोलावलं आणि मोठ्या थाटात सांगितलं की या वर्षीचा प्रवास तू आखायचा.

"मी ठरवीन ते बदलायचं न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय बदलणार."

"आबांना इचारायचं न्हाय."

इथं मला पहिल्यांदा आपण काय कबूल करतो आहोत ते कळलं. पण बायको ऐकत होती, धाकटा तोंड उघडं टाकून बघत होता. मी म्हणालो, "न्हाय विचारणार. शब्द."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर तिनं जुन्या वहीच्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पहिली ओळ: सर्व्हिस मोटारीनं इंदापूर, पुढं वरकुट्याला मामाकडं. दुसरी: मामाकडं दोन दिवस, धाकट्याला पेरूच्या बागेत मोकळं सोडणं. तिसरी: मामाच्या गाडीतून नरसिंहपूर, अभिषेक न करता, नुसतं दर्शन. चौथी ओळ अशी होती: वाटेत नीरा ओलांडून पलीकडे, एक दुपार.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पलीकडं म्हणजे कुठं, हे विचारायची गरज नव्हती. लग्नाआधी मुलीनं आपलं सासर बघायला जाणं आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलाकडच्या कुणी पाहिलं तर काय सांगायचं? आबांच्या कानावर गेलं तर? बायकोनं तर कपाळालाच हात लावला. पोरगी शांतपणे म्हणाली, "गावात न्हाय जायाचं. काठावर उतरायचं, बघायचं आन् माघारी यायचं."

"अगं, पण काय बघायचं तिथं?"

"काय ते तितं गेल्यावर कळंल."

मी आबांना निरोप पाठवला की औंदा त्यांनी शेताचं बघावं, आम्ही नेहमीसारखं नरसिंहपूरला जाऊन येतो. नेहमीसारखं हा शब्द मी खोडून पुन्हा लिहिला. आयुष्यात मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो होतो.

एक कबूल करायला हवं. इतकी खुललेली पोरगी मी त्या सहा महिन्यांत पाहिली नव्हती. मोटारीत कोण कुठं बसणार हे तिनं ठरवलं. धाकट्याला तिनं गाठोडी मोजायचं काम दिलं, त्यामुळे तो रस्ताभर रडला नाही की भूक लागली म्हणाला नाही. दर थांब्याला गंभीरपणे चार बोटं वर करून दाखवायचा. भाकरी कुठं सोडायची, पाणी कुठल्या विहिरीचं घ्यायचं, सगळं तिला ठाऊक होतं. बायको मला कोपरानं ढोसून हसायची. मीही हसायचो, आणि चौथी ओळ आठवली की माझं हसू जिथल्या तिथं थांबायचं.

वरकुट्याला तिच्या मामानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, बेत ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "नदी आजून उतरली न्हाय, दाजी. गाडी जायाची न्हाय. काहिलीतनं जावं लागंल."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची लोखंडी कढई. दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत यायची नाही एवढी मोठी. गुऱ्हाळं दिवाळीनंतर सुरू होतात. तोवर नदीकाठची माणसं तीच काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात बसून पैलतीर गाठतात. हे मी ऐकून होतो. ऐकूनच मला पुरेसं होतं.

"दाजी, तुमी बसणार काहिलीत?" मेव्हणा म्हणाला.

"बसणार म्हणजे बसणार," मी म्हणालो. त्या दोन दिवसांत वरकुट्याचे पेरू मला गोड लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याच्या गाडीतून निघालो. नदीकाठच्या गावात पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता. बाभळीच्या आडून नीरा दिसली. ती माझ्या वहीतली नीरा नव्हती. वैशाखात जिथं आम्ही आंबे खाल्ले तिथून पाणी चाललं होतं, या थडीपासून त्या थडीपर्यंत सलग, हिरवट आणि मुका आवाज करत. पलीकडची माणसं करंगळीएवढी दिसत होती. मी मनाशी हिशेब केला आणि मला माझीच लाज वाटली. रोज नीरेचं पाणी लिहिणारा मी. उन्हाळ्यात नदी कोरडी का असते, तर तिचं पाणी वरच्या धरणातून आम्ही पाटात वळवतो म्हणून, हे मला जेवढं माहीत तेवढं त्या तालुक्यात कुणाला माहीत नसेल. आणि सोयरीक करताना मी ती कोरडी वाळू बघून म्हणालो होतो, किती जवळ आहे.

काहील ओढून काठाला लावलेली होती, आतून बाहेरून काळी कुळकुळीत. ती चालवणारा म्हातारा मूळचा गुळव्या, गुऱ्हाळात गूळ उतरवणारा. त्यानं पोटाला दोन वाळके भोपळे बांधले होते. तो पोहत, एका हातानं काहील ढकलत न्यायचा.

"बरोबर मधी बसायचं," तो म्हणाला. "गुडघं छातीशी. काठाला हात लावायचा न्हाय. काय बी झालं तरी उठायचं न्हाय. काहील फिरंल. फिरू द्यायची. घाबरला की बुडाला."

बायको म्हणाली ती बसणार नाही, आणि धाकट्याला तर हातही लावू देणार नाही. ती त्याला छातीशी धरून बाभळीखाली उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला एकटीला माझी म्हैस माहीत होती. "आवं, तुमी ऱ्हाऊ द्या, तिचा मामा जाईल," ती हळूच म्हणाली. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो. पण पोरगी आधीच काहिलीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माझ्यासाठी समोर जागा ठेवून.

मी बसलो.

त्या जाण्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. खालून पत्र्याला पाणी घासत होतं आणि तो आवाज माझ्या माकडहाडातून वर मणक्यात येत होता. काहील गरगर नाही, पण सावकाश फिरत होती, त्यामुळे मिटल्या डोळ्यांवर ऊन एकदा डावीकडून, एकदा समोरून यायचं. मध्येच पोरगी म्हणाली, "तात्या, किती वेळ लागतोय बघताय ना?" मी मान हलवली. मला वाटलं ती मौजेनं म्हणते आहे.

पैलतीराला दगड होते. काही बायका धुणं धूत होत्या. आम्ही उतरलो. त्यांतली एक बाई आमच्याकडं बघत उभी राहिली आणि हातातलं लुगडं तसंच टाकून धावत आली. धावत म्हणजे जमेल तसं, कारण तिला दिवस गेलेले होते, सहावा-सातवा महिना असेल.

"तात्या न्हवं तुमी? कऱ्हाटीचं?"

मी ओळखलं. कऱ्हाटीला आमच्या शेजारच्या घरातली मुलगी. लहान असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रेला आलेली. पाच वर्षांपूर्वी आबांनीच तिला या गावात दिली होती आणि तिच्याच ओळखीनं आमची सोयरीक जुळली होती. तिची आई भाद्रपदात वारली. गौरीसाठी आम्ही सगळे कऱ्हाटीला होतो, मी म्हातारीला खांदा दिला होता. पण लेक आली नव्हती.

ती माझ्या पाया पडली आणि वाकूनच तिनं विचारलं, "तात्या, तुमी व्हता ना तितं? आईनं माझं नाव काढलं का?"

म्हातारीची शुद्ध तीन दिवस जात-येत होती. शुद्ध आली की विचारायची, "पोरगी आली का?" आणि सगळे सांगायचे, "नदी उतरली की येतीय." तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आजून उतरली न्हाय?" त्यानंतर ती काही बोलली नाही.

"न्हाय गं," मी त्या बाईला म्हणालो. "झोपंतच गेली. काय तरास न्हाय झाला."

तिनं पदर तोंडाला लावला. काठावरच्या इतर बायका धुणं थांबवून बघत होत्या. मग तिनंच सांगितलं की पूर चढला की दोन-दोन महिने काहीलसुद्धा चालत नाही. आता चालते, पण पोटुशी बाईला सासू काहिलीत बसू देत नाही. पौषात वाळू उघडी पडेल तेव्हा गाडी जाईल, पण तेव्हा ती बाळंतपणात असेल. "आईच न्हाय, आता जाऊन तरी कुणाला बघू?" असं म्हणून ती रडता रडता हसली, आणि माझ्या मुलीची हनुवटी धरून म्हणाली, "ही व्हय आमच्या गावची व्हणारी सून? बरं झालं गं बाय. मला माहेरचं माणूस मिळंल."

मुलगी माझ्याकडं बघत होती. आणि तेव्हा मला आठवलं की म्हातारीच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजणारी पोर हीच होती. गौरीचे ते तीन दिवस हिनं त्या खोलीत काढले होते. मी आत्ता त्या बाईशी खोटं बोललो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

नदीपलीकडची ती एक दुपार पाऊण तासात संपली. पोरीला गाव बघायचं नव्हतं, घर बघायचं नव्हतं. तिनं जे बघायला आणलं होतं ते माझं बघून झालं होतं.

परतताना काहील मधोमध आली आणि वाऱ्यानं असेल किंवा खालच्या एखाद्या खडकानं, पाण्याला भोवऱ्यासारखा पीळ बसला. काहील एकदम वेगानं फिरली. एक लाट काठावरून आत आली आणि माझ्या मांडीवर पडली, थंडगार. गुळव्याचा हात सुटला असं मला वाटलं. मी डोळे उघडले, सगळीकडं पाणीच दिसलं, आणि मी दोन्ही हातांनी काठ धरला. काहील माझ्या बाजूला कलली. आणखी पाणी आत आलं. गुळव्या ओरडत होता, शिव्या देत होता, "हात काढ! मधी हो!" मला ऐकू येत होतं आणि हात निघत नव्हते.

"तात्या," पोरगी म्हणाली. ती हलली नव्हती. "हात काढा. माझ्याकडं बघा."

मी तिच्याकडं पाहिलं आणि ओरडलो, "मोडतो! मोडतो गं मी हे लगीन! न्हाय देत तुला हितं, न्हाय देत!"

हात कधी सुटले ते माहीत नाही. काहील सरळ झाली. गुळव्यानं काठाला लावली तेव्हा मी कमरेपर्यंत भिजलो होतो आणि दातावर दात वाजत होते. बायकोनं तिच्या पदरानं माझं तोंड पुसलं, जसं धाकट्याचं पुसायची. मेव्हण्याची थट्टा कुठच्या कुठं गेली होती. काटक्या पेटवून त्यानं मला शेकत बसवलं.

अंगात ऊब आली तसं डोकं चालायला लागलं. आणि डोक्यात आबा उभे राहिले. फुटलेली सुपारी, मुलाचा बाप, कऱ्हाटीचा पार, कचेरीतले लोक. घाबरून माणूस काहीही बोलतं. मी पोरीला म्हणालो, "बघू आपण. आबांशी बोलून बघू. नदीचं काय, जरा दुसऱ्या बाजूनंही…"

"तात्या," ती म्हणाली, "पाण्यात म्हणालात ते मी धरलंच न्हाय. आता तुमी जमिनीवर हाय. आता म्हणा."

मला म्हणता आलं नाही. बायको माझ्याकडं बघत होती, धाकटा बघत होता, शेकोटीतल्या काटक्या तडतडत होत्या, आणि मी पायाखालच्या कोरड्या मातीकडं बघत बसलो. पोरगी मग उठून गाडीत जाऊन बसली. मागं तोंड करून नाही. नीट पुढं तोंड करून. ते मला जास्त लागलं.

नरसिंहपूरला दर्शन झालं. अभिषेक केला नाही. तिनं आखल्याप्रमाणं सगळं पार पडलं, धाकट्यानं गाठोडी मोजली, आणि मी दोन दिवस कुणाशी चार शब्दांपेक्षा जास्त बोललो नाही. बारामतीत उतरलो तर आबांचा माणूस थांब्यावर उभा होता. तसंच कऱ्हाटीला या, असा निरोप होता. नदीकाठची बातमी आमच्या आधी पोचली होती.

आबा ओसरीवर बसले होते. मी जोडे काढले. बायको धाकट्याला घेऊन आत गेली. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कुणाला इचारून गेला व्हता नदीपल्याड?" आबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच.

काहिलीपेक्षाही त्या ओसरीवर मला जास्त भीती वाटली. मी बोललो ते वाक्य मी दोन दिवस मनात घोकलं होतं, तरी ते अर्धंमुर्धंच बाहेर आलं. "आबा, ही सोयरीक नको. सुपारी परत पाठवा." आणि मग, ते गप्प बसायच्या आत घाईघाईनं मी शेजारच्या म्हातारीचं सगळं सांगितलं. तीन दिवसांचं, नदी उतरली का विचारायची ते, पलीकडं तिची पोटुशी लेक भेटली ते, मी तिला खोटं सांगितलं ते.

आबा "बरं" म्हणाले नाहीत. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. बोडक्या डोक्याचे आबा मी फार कमी वेळा पाहिले होते.

"म्हातारी गेली तवा सांगावा घेऊन कोण गेलं व्हतं नदीवर, म्हाईत हाय?" ते म्हणाले. "मी गेलो व्हतो. मीच दिली व्हती तितं, म्हून मीच गेलो. काहील बंद. अल्याड मी, पल्याड ती. वरडून सांगितलं, तुजी आय गेली. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं न्हाय. हात हालवून इचारत व्हती, काय, काय म्हणून. तीनदा वरडावं लागलं मला. तिसऱ्यांदा कळलं तिला. मग मी निघून आलो. तिच्याकडं बघाया थांबलो न्हाय."

हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मग आबांनी मान वळवली. माझ्याकडं नाही, उंबऱ्याकडं.

"बाय," ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"

पोरीच्या हातातला तांब्या हलला. काहिलीत जिची पापणी लवली नव्हती तिच्या हातातलं पाणी उंबऱ्यावर सांडलं. "मला लई भ्या वाटतं, आबा," ती म्हणाली. "वैशाखापासनं वाटतंय."

सुपारी आठ दिवसांनी परत गेली, आबा स्वतः घेऊन गेले. पुढं काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. पण सहा महिने माझी पोर माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी बसून घाबरत होती, आणि तिनं मला सांगितलं नाही, कारण तिला तसं विचारलंच नव्हतं कुणी. मी तिला कुठं फिरायला जायचं एवढंच विचारलं होतं. हा दुसरा प्रश्न आमच्या घरात शेवटी आबांनी विचारला. मी नाही.